बसल्या जागी जगाचं भलं

दिवाळीची साफसफाई आणि कुठलीतरी मोठी आपत्ती एकाच सुमारास आली, तर हा योग सोडू नका. कपाट उघडा. फॉल उसवलेली साडी, चेन तुटलेली पर्स, लग्नात शिवलेला आणि आता बटण लागत नसलेला ब्लेझर, डाव्या पायाचा एक बूट (उजवा कुत्र्यानं नेला, पण आपद्ग्रस्तांनी फार चिकित्सा करायची नसते) असं सगळं खोक्यात कोंबा. वर मार्करनं ठसठशीत ‘मदत’ लिहा, सोसायटीच्या लॉबीत ठेवा आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घ्या. धुण्याबिण्याच्या भानगडीत पडू नका. बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे कपडे वेगळे बांधून वर चिठ्ठी लावावी, असं कुणी शहाणा सुचवेल. त्याला म्हणावं, तिकडं लोकांची घरं पडलीत, दिवसभर नुसते बसून असतात बिचारे. निवडत बसतील, तेवढाच विरंगुळा.

या पद्धतीला परंपरा आहे. 2001 साली कच्छच्या भूकंपानंतर आणि 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून इतके जुने कपडे गेले, की ते रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले. फाटकं, विटकं, तिथल्या बायका जन्मात अंगाला लावणार नाहीत असलं. तमिळनाडूतले ढीग ‘गूंज’ या संस्थेच्या लोकांनी उपसले, निवडले, मार्गी लावले. जुन्या सुती कापडातून बायकांच्या पाळीसाठी पॅड शिवण्याचं कामही या संस्थेनं उभं केलं. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे कचरा आपला, आणि मानपत्रात आपलं नावही नाही. तरी आपण देतच राहिलो, हा आपला मोठेपणा.

कपडे संपले की औषधांच्या डब्याकडे वळा. बोस्नियाच्या युद्धात, 1992 ते 1996 या काळात, आलेल्या औषधांपैकी सुमारे 17 हजार टन माल मुदत संपलेला किंवा तिथं काडीच्या उपयोगाचा नसलेला निघाला. तो साठवायला गोदामं अडली आणि जाळायला पुन्हा पैसे लागले. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेनं 1996 साली औषधदानाचे नियमच काढले. औषध पोचल्यावर त्याची किमान वर्षभर मुदत उरलेली असावी, लेबल तिथल्या डॉक्टरला वाचता यावं, वगैरे. आजोबांच्या खोकल्याची अर्धी बाटली आता द्यायची कुठं, याचा विचार कुणी केला नाही.

एवढीही हालचाल जड जात असेल तर फोन आहे. 26 मे 2024 रोजी गाझातल्या राफामध्ये विस्थापितांच्या तंबूंवर इस्रायलचा हवाई हल्ला झाला, माणसं तंबूंसकट जळाली. त्यानंतर ‘ऑल आइज ऑन राफा’ असं लिहिलेलं एक चित्र दोन-तीन दिवसांत 4 कोटींहून जास्त लोकांनी इन्स्टाग्रामवर आपल्या स्टोरीला लावलं. चित्र एआयनं बनवलेलं. तंबू ओळीत, एकसारखे, इस्त्री केल्यासारखे. मागे बर्फाचे डोंगर. धूर नाही, रक्त नाही, जवळून दिसेल असा एकही माणूस नाही. आता राफाला बर्फाचे डोंगर नाहीत हे खरं, पण जेवता जेवता बघता येईल असं युद्ध एरवी मिळतं कुठं? शिवाय स्टोरी चोवीस तासांत आपोआप पुसली जाते. भूमिका घेतल्याचं समाधान आपल्याकडे राहतं आणि साहेबांनी विचारलं तर पुरावा उरत नाही.

त्याआधी, 2 जून 2020 रोजी, अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाल्यानंतर काळ्या चौकोनांचा दिवस झाला होता: निषेध म्हणून इन्स्टाग्रामवर नुसता काळा चौकोन लावायचा. अडीच कोटींच्या वर चौकोन पडले. ज्या हॅशटॅगखाली आंदोलक कुठं जमायचं, अटक झालेल्यांच्या जामिनाचे पैसे कुठं भरायचे हे एकमेकांना कळवत होते, तिथंही पुष्कळांनी चौकोन लावले आणि खालची माहिती दिसेनाशी झाली. आपल्याकडच्या कितीतरी भल्या माणसांनी चौकोन लावला आणि पुतण्याच्या स्थळासाठी ‘मुलगी गोरी, सुस्वरूप हवी’ हा मजकूरही त्याच फोनवरून फिरवला. यात विसंगती शोधू नका. चौकोन अमेरिकेसाठी होता.

मानवी हक्कांचं काम थोडं नाजूक. पीटर बेनेन्सन या इंग्रज वकिलानं 28 मे 1961च्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये विसरल्या गेलेल्या कैद्यांवर एक लेख लिहिला, त्यातून अ‍ॅम्नेस्टी ही मानवी हक्क संघटना उभी राहिली. तिची रीत भलतीच कंटाळवाणी. एक कैदी घ्यायचा, त्याचं नाव आणि तुरुंग नीट समजून घ्यायचा, आणि त्या देशाच्या मंत्र्याला किंवा तुरुंगाधिकाऱ्याला पत्र लिहायचं. भाषा सभ्य. शिवी नाही, अरे-तुरे नाही. तिकीट पदरच्या पैशानं. 1973 साली ब्राझीलमध्ये लुईस बासिलिओ रॉसी या प्राध्यापकाला लष्करी राजवटीनं उचललं, तेव्हा अशी तातडीची पत्रं धाडायला सुरुवात झाली. माझं नाव बाहेर फुटलंय, आता हे मला मारू शकत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं, अशा अर्थाचं रॉसी नंतर म्हणाले. ठीक आहे, माणूस वाचला. पण पत्र लिहिणाऱ्याला लाइक किती मिळाले?

तुम्ही ऑनलाइन याचिकेवर बोट टेकवा आणि मोकळे व्हा. एकच पथ्य पाळा: कैदी लांबचा निवडा. ब्राझील चालेल, बेलारूस उत्तम. तळोज्याच्या तुरुंगात कंपवात झालेल्या 83 वर्षांच्या स्टॅन स्वामी या आदिवासींसाठी झटणाऱ्या पाद्रींना पाण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर हवा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला होता, हा विषय जेवणाच्या टेबलावर मुळीच काढू नका. खटला उभा राहण्याआधीच, जुलै 2021 मध्ये ते वारले. तळोजा नवी मुंबईत आहे, फार जवळ पडतं. आणि भारतातल्या अ‍ॅम्नेस्टीची बँक खाती गोठवली गेल्यावर सप्टेंबर 2020 मध्ये तिनं इथलं काम थांबवलं, तेव्हा आपण काय करत होतो असं कुणी विचारलंच, तर सांगा, घरीच होतो. कोरोना होता.

आता पैशांचं. इथं खरी कसोटी लागते, कारण पैसा हीच एक गोष्ट अशी आहे, जी तिकडं उपयोगी पडते आणि इकडं आपल्यालाही लागते. तेव्हा आधी एक ठेवणीतलं वाक्य पाठ करा: ‘आधी आपलं घर बघा.’ सुदानसाठी कुणी मागितलं, तर आपले शेतकरी बघा म्हणा. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरासाठी मागितलं, तर सरकार काय झोपलंय का म्हणा. दोन्हीकडचे पैसे वाचतात आणि देशप्रेमही झळकतं.

हे वाक्य हाताशी नसलं की काय अनर्थ होतो, ते पाहा. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा, 1938 साली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी चीनच्या मदतीसाठी आवाहन केलं. आपण स्वतः गुलाम. तरी लोकांनी 22 हजार रुपये जमवले आणि पाच डॉक्टर चीनला गेले. त्यातले आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1942 साली तिथंच वारले, वय अवघं 32. त्या काळी फॅमिली ग्रुप असता, तर एखाद्या काकांनी वेळीच झापलं असतं आणि पोरगा सोलापुरात दवाखाना थाटून सुखी झाला असता.

मॉलच्या दाराशी निळं जॅकीट घातलेली, हातात टॅब घेतलेली कॉलेजवयाची मुलं उभी असतात. ‘सर, दोनच मिनिटं’ हा त्यांचा मंत्र. दहा पावलं आधीच फोन कानाला लावा. फोन बंद असला तरी चालतो, ओठ मात्र हलले पाहिजेत. चुकून नजरानजर झालीच तर ‘येताना थांबतो’ म्हणा आणि येताना पार्किंगच्या दारानं निघा. ती मुलं एकदम मोठी रक्कम मागत नाहीत. महिन्याला ठरावीक थोडे पैसे, खात्यातून आपोआप जातील असे, एवढंच मागतात. हेच धोक्याचं. अशा मदतीत फोटोला जागाच नाही.

सुदानचं उदाहरण घ्या. 15 एप्रिल 2023ला तिथं लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. 1 कोटीहून जास्त माणसं घरादाराला मुकली. ऑगस्ट 2024 मध्ये दारफूर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचं तज्ज्ञांच्या समितीनं जाहीर केलं. अशात गल्लीबोळातली पोरंपोरी एकत्र येऊन मोठी भांडी चुलीवर चढवत होती, दिवसाला एकदा का होईना, मोहल्ल्याला जेवू घालत होती. 2025च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि यातल्या बहुतेक चुली बंद पडल्या. त्यांना आपला ब्लेझर नको होता, चौकोन नको होता. धान्याला आणि सरपणाला पैसे हवे होते, आणि तेही रोज.

इतकं सगळं ऐकूनही हात खिशाकडे जाऊ लागला, तर शेवटचा उपाय सांगतो. संस्थेला विचारा, माझ्या रुपयातले किती पैसे थेट गरजूच्या हातात पडतात? शंभरातले शंभर म्हणाली, तर खोटं बोलते म्हणून देऊ नका. त्याहून कमी म्हणाली, तर खाते म्हणून देऊ नका. रात्री बिर्याणी मागवताना डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म आणि पावसाचे जादा पैसे आपण मुकाट भरतो, ती गोष्ट वेगळी. बिर्याणीला दोन किलोमीटर यायचं असतं. मदतीच्या कामात गोदामाचं भाडं, ड्रायव्हरचा पगार, डिझेल असली उधळपट्टी खपवून घेऊ नका. ज्वारीचं पोतं पोर्ट सुदानच्या धक्क्यावर उतरलं की हजाराहून जास्त किलोमीटर लांबच्या दारफूरला त्यानं आपल्या पायांनी चालत जायला हवं.