अहो, पडद्याकडे बघा ना!

परवा पुन्हा तेच. नाशकातलं जुनं एकपडदा थिएटर, बाल्कनीचं तिकीट, आईला मुद्दाम घेऊन गेले होते. लग्नाआधी ती मैत्रिणींबरोबर इथेच यायची. दिवे मालवले, पडदा उजळला आणि पुढच्या रांगेतल्या पोराने मोबाइल काढला. ब्राइटनेस फुल्ल! अंगठ्याने रील्स सरकवतोय आणि तो पांढरा उजेड थेट आमच्या डोळ्यांत. "दादा, जरा बंद कर ना," म्हटलं तर "दोनच मिनिटं, ताई." ती दोन मिनिटं इंटरव्हलपर्यंत संपली नाहीत. मागे एक काका फोनवर मोठ्याने, "हां, पिक्चरला आलोय, बोल!" अहो, आलायत तर बघा की!

आणि हे नाशकात! दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणला आणि त्याच वर्षी मुंबईहून बिऱ्हाड नाशकात हलवून इथे चित्रपट काढले. १९४४ मध्ये गेलेही इथेच. त्या गावात तीन तास अंधार पाळता येत नाही आपल्याला? जीव जळतो अगदी.

मध्यंतरात आईने हळूच विचारलं, "निघायचं का गं?" हातातला समोसा तिने अर्धाच खाल्ला होता.