मीठ बंद, केळी सुरू?

गोदाघाटावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज पडला: ‘मीठ पेशींत साचून मेंदू बधिर करतं, पूर्ण बंद करा. नैराश्याच्या गोळ्या बाहेरून सेरोटोनिन ओततात, त्यापेक्षा रोज दोन केळी खा.’ बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही.

आधी साचण्याचं बघू. मिठातलं सोडियम रक्तात लिटरला साधारण १४० मिलिमोल असतं, पेशीच्या आत जेमतेम १० ते १५. हा फरक टिकवतो पेशीपटलातला पंप. एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) खर्चून तो ३ सोडियम बाहेर काढतो, २ पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो दाखवला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं!

गच्चीवरची टाकी आठवा. मोटर वीज खाऊन पाणी वर चढवते, मग नळ आपोआप चालतात. बाहेर कोंडलेलं सोडियम म्हणजे ती टाकी. ते आत घुसायला टपलेलं असतं आणि येताना दुसऱ्या कुणाला तरी सोबत ओढून आणतं.

गोळ्यांचा मुद्दा इथेच येतो, आणि राग मला याच वाक्याचा आला. सेरोटोनिन म्हणजे चेतापेशींमधला रासायनिक निरोप्या. एका चेतापेशीने सोडलेलं सेरोटोनिन काम झाल्यावर एक वाहक प्रथिन याच सोडियमच्या जोरावर परत आत खेचतं. नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गोळ्या त्या वाहकात अडकून बसतात, म्हणून आपलंच सेरोटोनिन दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतं. ओतत काहीच नाहीत. ग्रुपमधल्या एका काकूंनी मेसेज वाचून गोळी परस्पर सोडली. चार दिवस चक्कर आणि झोपेचं खोबरं.

केळ्यात सेरोटोनिन असतं, खरंय. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. भूक लागली तर जरूर खा.

राहिलं मीठ. ‘कमी करा’ लिहिलं असतं तर मीही पुढे पाठवलं असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, आणि आपलं लोणचं-पापड-फरसाण तिथवर सहज पोचतं. पण पूर्ण बंद? एप्रिलच्या उन्हात पिंपळगावला द्राक्षबागेत खरड छाटणी करणाऱ्या, घामाने मीठ गमावणाऱ्या बाईला हे सांगून बघा. जुलाबात देतात त्या ओआरएसचं पाकीट उलटं करून वाचा: लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ. आतड्यातला वाहक एका ग्लुकोजबरोबर २ सोडियम आत घेतो, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. म्हणून जुलाबात नुसतं साखरपाणी पाजून भागत नाही.