गच्चीवरचं अळू

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस आली. स्लॅब गळतो, वजन पडतं, म्हणून गच्चीवरच्या कुंड्या, ड्रम, खोकी रविवारपर्यंत हलवा, नाहीतर भंगारात जातील. तेव्हापासून डोकं ठणकतंय.

त्या खोक्यांत माझ्या आईचं अळू आहे.

वडील गेल्यावर तिला संगमेश्वरहून डोंबिवलीला आणलं. दिवसदिवस बोलायची नाही. एकदा मासळी बाजारातून थर्माकोलचं रिकामं खोकं मागून आणलं, तापल्या खिळ्याने बुडाला भोकं पाडली आणि गावाहून येताना पिशवीच्या तळाशी ठेवलेले अळवाचे कांदे लावले. ते तिने आणलेत हे मला ठाऊकच नव्हतं.

गळती होते म्हणे! होते, मान्य. पाणी साचलं की स्लॅबमध्ये मुरणारच. मग खाली विटा लावा, ट्रे ठेवा, सांगा तसं करतो. पण एसीचं पाणी त्याच गच्चीवर दिवसभर ठिबकतं, त्याला कधी नोटीस काढलीत? वजनाचं म्हणाल तर खोक्यात माती ओंजळभर, बाकी सगळा पालापाचोळा आणि भाजीची सालं-देठं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर हेच तर लोकांना शिकवायचे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. आणि आपल्याला चार खोकी जड होतात?

गच्चीवर महिन्याचा बाजार पिकत नाही, हेही खरं. कांदे-बटाटे आम्हीही विकतच आणतो.

पण पहिलं पान सुरळीतून उलगडलं त्या दिवशी आईने मला हाक मारून वर नेलं होतं. कितीतरी दिवसांनी मारलेली हाक. मग खालच्या काकूंना देठावरून वडीचं अळू आणि फतफत्याचं अळू ओळखायला शिकवलं. आता पावसाळ्यात स्टेशनबाहेर मुरबाडकडच्या बायका टाकळा, कंटोळी घेऊन बसतात, त्यांच्यापाशी अर्धा अर्धा तास रमते. भाव करत नाही. तिकडे लावणी झाली का, विचारते.

कमिटीतल्या तिघांच्या घरी गेल्या श्रावणात याच खोक्यातल्या वड्या गेल्यात. डबे रिकामे परत करू नयेत म्हणून साखर घालून पाठवले होते त्यांनी. मग आज काय झालं?

आईला नोटीस वाचून दाखवलेली नाही. दुपारी वर जाऊन नऊ पानं काढून आलीय. चिंच भिजत घातलीय. आत्ता ओट्यावर पान उलटं ठेवून लाटण्याने शिरा दाबतेय आणि विचारतेय, वरच्या मजल्यावर किती वड्या द्यायच्या.