कमी बिलाची गरिबी

ग्लासगोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजी दुपारभर सार्वजनिक वाचनालयात बसलेल्या दिसायच्या. वाचनाची आवड असेल, असं मला वाटलं. तिथली ऊब फुकट असते, हे नंतर कळलं. घरी त्यांचा मीटर प्रीपेड, पैसे संपले की गॅस बंद. कुणी कनेक्शन कापायला येत नाही, थकबाकी राहत नाही, मग आजी कुठल्या नोंदीत सापडणार?

महाराष्ट्रात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून रान पेटलं, तेव्हा सगळा वाद बिल वाढेल का, याभोवती फिरला. मला धास्ती उलटी होती. बिल कमी येईल आणि ती बचत म्हणून मिरवली जाईल.

ब्रिटनची जुनी पट्टी अशी: ऊर्जेवर उत्पन्नाच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च म्हणजे इंधन-गरिबी. त्यात एक शहाणपण होतं. बिल किती आलं हे न बघता, घर पुरेसं उबदार ठेवायला किती लागेल ते धरायचं. इंग्लंडने ही पट्टी 2013 मध्ये टाकून दिली. 2021 पासून तिथे उत्पन्न कमी आणि घराचा ऊर्जा-दर्जा (‘ए’ सर्वांत चांगला, ‘जी’ सर्वांत वाईट) ‘डी’ किंवा त्याखालचा असेल, तरच घर इंधन-गरीब. 2022 मध्ये दर भडकले, पण इंधन-गरीब घरांचा सरकारी आकडा 13.1 वरून जेमतेम 13.4 टक्क्यांवर गेला. ‘सी’ दर्जाच्या घरात कुडकुडणारा हिशेबातच नाही! स्कॉटलंडने मात्र 10 टक्के धरून ठेवले आहेत, तेही घरभाडं किंवा घरकर्जाचा हप्ता उत्पन्नातून वजा करून.

आपल्याकडे नुसता खर्च बघितला, तर सरपण वेचणारी बाई सुखवस्तू ठरेल. म्हणून आपण जोडण्या मोजल्या. उज्ज्वलाच्या जोडण्या 10 कोटींवर गेल्या. काम मोठंच आहे, इथे बसून नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण 2023-24 मध्ये उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी 3.95 सिलिंडर गेले. चार-पाच माणसांचा वर्षाचा स्वयंपाक त्यात कुठला व्हायला? उरलेले महिने चूल. वर्षभरात एकही सिलिंडर न घेणारं घर तर या सरासरीत दिसतच नाही.

त्या घरासाठी नवं सर्वेक्षणही नको. कुणी सिलिंडर कधी घेतला, हे तेल कंपन्यांच्या संगणकात आहेच. सहा महिने बुकिंग नाही, त्या दारात आधी जा. अनुदानाचे 300 रुपये मागाहून खात्यात येतात, पण आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते आणि रोजंदारीवाला तिथेच अडतो. त्याच्याकडून तेवढे पैसे आधीच कमी घ्या, किंवा पाच किलोचा सिलिंडर सहज मिळेल असं करा.