चाप न ओढणं हीसुद्धा नेमबाजीच

हरणाच्या शिकारीचा विषय निघाला की चर्चा 'शिकार करावी की नाही' इथेच अडकते. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण जिथे रीतसर परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार होते, तिथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा: गोळी नेमकी कुठे लागली, आणि जनावराला मरायला किती वेळ लागला? शिकाऱ्याची नीतिमत्ता मी तरी याच प्रश्नावर तपासतो.

डोक्यात गोळी घातली की जनावर जागच्या जागी पडतं आणि मांसही वाया जात नाही, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. नेम बसला तर पडतं, खरं आहे. पण हरणाचा मेंदू माणसाच्या मुठीपेक्षा लहान आणि डोकं हा त्याच्या अंगाचा सगळ्यात जास्त हलणारा भाग. माशी हाकलायला, वारा हुंगायला ते कधी मान झटकेल सांगता येत नाही. गोळी चार बोटं खाली गेली की जबडा फुटतो. मग ते हरीण पळून जातं, त्याला चरता येत नाही, आणि ते दिवसेंदिवस झिजून मरतं. असल्या नेमाची फुशारकी मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नेम धरायचा तो छातीवर. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर. हृदय आणि दोन्ही फुप्फुसं तिथेच असतात. मध्यम आकाराच्या हरणात ही जागा सुमारे २० सेंटीमीटर रुंद भरते, म्हणजे हात थोडा हलला तरी सांभाळून घेणारी. हरीण किंचित पाठमोरं, तिरकं उभं असेल तर गोळी कुठून शिरेल याच्याइतकंच ती कुठून बाहेर पडेल हे बघायचं. रोख पलीकडच्या पुढच्या पायाकडे हवा. सरळ पाठमोरं असेल तर बंदूक खाली. तोंड आपल्याकडे असेल तरी माझं मत तेच. ते वळेपर्यंत थांबायचं, नाही वळलं तर जाऊ द्यायचं.

धनुष्यबाणाचं गणित आणखी कठीण. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, आधुनिक धनुष्याचा बाण साधारण ९०. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी ऐकू येतो. बिचकलेलं हरीण उडी घ्यायला आधी खाली दबतं, आणि छातीवर सोडलेला बाण पाठीत जातो. म्हणून कान टवकारून आपल्याकडे बघणाऱ्या हरणावर बाण सोडूच नये, अंतर कितीही कमी असो. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करायला कायद्यानेच बंदी आहे.

गोळी सुटल्यावरही काम संपत नाही. दोन्ही फुप्फुसं फुटलेलं हरीणसुद्धा शंभरेक मीटर धावू शकतं, त्यामुळे 'पळालं म्हणजे चुकलं' असं समजून परत फिरणं हा गुन्हाच मानतो मी. जिथे गोळी लागली तिथे जाऊन जमीन वाचायची. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. गडद लाल असेल तर बहुधा यकृत. रक्तात हिरवट-तपकिरी घाण आणि आंबूस वास असेल तर पोट फुटलंय. अशा वेळी लगेच मागे धावायचं नाही, हे नवख्यांना पटत नाही. पोटात गोळी लागलेलं हरीण बहुतेकदा जवळच कुठेतरी बसतं. लगेच पाठलाग केला तर ते उठून लांब जातं आणि सापडत नाही. काही तास वाट बघायची, मग माग काढायचा. तो वेळ त्या जनावराच्या वेदनेचा असतो, म्हणून पोटाच्या गोळीइतकी वाईट गोळी दुसरी नाही.

नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते आणि जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध ठेवावा लागतो. हा नियम सगळीकडे हवा. आणि माझी एक भर: जखमी झालेलं हरीण सापडलं नाही तर तेही परवान्यावर धरावं आणि त्या शिकाऱ्याने दुसऱ्या हरणावर बंदूक उचलू नये.