विकाऊ आहे : सहा बेडरूम, मूळ लाकूडकाम

आज सकाळी इथल्या, अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका घराची लिंक टाकली. सहा बेडरूम, मूळ लाकूडकाम शाबूत, डाउनटाउन दहा मिनिटांवर, "थोडं काम केलं तर प्रचंड पोटेन्शियल". खाली धडाधड अंगठे. एकानं लिहिलं, एअरबीएनबीला झकास. दुसऱ्यानं विचारलं, त्या भागात ते बेघर लोक फिरतात ना? तर पहिला म्हणतो, आता नाही फिरणार, तिथलं ते सेंटर बंद झालंय म्हणे.

अरे, सेंटर नव्हतं ते. घर होतं. आणि तू अंगठा दिलास ना, तेच ते घर.

ग्रुपवर मी काही बोलले नाही. तिथे बोललं की पुढच्या गणपतीपर्यंत लोक तिरके वागतात. म्हणून इथे. इथले सगळे आपलेच आहेत, बेघर माणूस हाही माणूस असतो इथपासून सुरुवात करायला लागणार नाही.

जाहिरातीतला तिसरा फोटो. पांढरीशुभ्र रंगवलेली रिकामी खोली, खाली लिहिलंय "फॉर्मल डायनिंग". तिथे दोन जुनी दारं लाकडी घोड्यांवर आडवी टाकून केलेलं टेबल होतं. एका दाराची मूठ काढलेली, पण भोक तसंच, त्यात पोरं वाटाणे टाकायची. त्या टेबलाशी मी पहिल्यांदा बसले ती मंडळाच्या दिवाळीनंतर. मसालेभात नेहमीसारखा ढिगानं उरला होता (दीडशे माणसं, अडीचशेची ऑर्डर, हे आपलं ठरलेलं गणित). फेकवेना, म्हणून दोन ट्रे गाडीत घातले आणि कुणीतरी सांगितलेल्या या पत्त्यावर गेले. आत लोकरीची टोपी घातलेला एक उंच काळा म्हातारा बसला होता. मिसिसिपीकडचा. ट्रेवरचा फॉइल त्यानं एका बोटानं उचलला, आत पाहिलं आणि मला विचारलं, "हे आमच्यासाठी केलंय, की उरलंय?"

मी म्हटलं, उरलंय.

"मग बस. आमच्याबरोबर तूही उरलेलंच खा." आणि पायानं खुर्ची पुढे सरकवली.

कोट न काढताच मी बसले. त्याला दात नव्हते. भातातले काजू एकेक वेचून तो माझ्या ताटात टाकत होता आणि मी खात होते.

त्यानंतर मी तिथे जात राहिले. पुण्य वगैरे काही नाही. तिथे मला कुणी माझा व्हिसा कुठला ते विचारलं नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, नोकरी करायची मुभा नसलेल्या बाईला ही केवढी मोठी गोष्ट होती ते आपल्यातल्या बायकांना कळेल.

तर हे घर कॅथलिक वर्करवाल्यांचं. नावगाव लिहीत नाही, चालवणाऱ्या दोघांना ते आवडत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1933 ची मंदी. न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे नावाची पत्रकार बाई आणि पीटर मॉरिन नावाचा फ्रान्सच्या शेतकरी घरातून आलेला एक फिरस्ता, दोघांनी मिळून "कॅथलिक वर्कर" नावाचाच पेपर काढला. किंमत एक सेंट. 1 मे ला युनियन स्क्वेअरमध्ये जमलेल्या कामगारांत तो विकला. मॉरिनचं म्हणणं असं की परक्यांसाठी प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एक घर हवं आणि प्रत्येक घरात एक खोली. पेपरात ते छापलं, तर लोक विचारत आले, कुठे आहे ते घर? मग काय, काढावं लागलं. तिथून ही घरं देशभर पसरली. पगार कुणालाच नाही. सरकारी पैसा घ्यायचा नाही. राहणारे ते पाहुणे, आणि चालवणारेही त्याच छपराखाली, त्याच पातेल्यातलं खाणारे.

मी वसईची. बायबलातल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावरची प्रवचनं लहानपणापासून ऐकत आले. भुकेल्याला खायला द्या, परक्याला घरात घ्या. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की सगळे घरी जाऊन दाराला आतून कडी घालायचे. आम्हीही घालायचो. तो अध्याय कुणी घराच्या नकाशासारखा वापरताना मी पाहिला तो इथे, वयाच्या तिशीत.

आता सकाळपासून लोक मला शहाणपण शिकवतायत. ट्रस्ट करायला हवा होता. बोर्ड नेमायचं, ग्रँट घ्यायची, म्हणजे घर टिकलं असतं. हो, टिकलं असतं. दारावर पाटी लागली असती, पाटीवर देणगीदाराचं नाव आलं असतं, आत रिसेप्शनला मुलगी बसली असती आणि तिनं त्या म्हाताऱ्याकडे फोटोचं ओळखपत्र मागितलं असतं. त्याच्याकडे नव्हतं. जन्माचा दाखलाच नव्हता, तर ओळखपत्र कुठून येणार? तो दारातूनच परत गेला असता.

आणि हे त्या लोकांना सुचलं नव्हतं असं वाटतं की काय तुम्हाला? 1972 मध्ये इन्कम टॅक्सवाल्यांनी न्यूयॉर्कच्या कॅथलिक वर्करकडे 2,96,359 डॉलर मागितले होते, कारण ते धर्मादाय संस्था म्हणून नोंदणीच करायला तयार नव्हते. डोरोथीबाईंचं म्हणणं, उपाशी माणसाला जेवायला घालण्याला सरकारचं सर्टिफिकेट कशाला? शेवटी सरकारनंच मागणी सोडली. त्याच्या आधीचा किस्सा तर आपल्या एफडीवाल्या मंडळींनी बसून ऐकावा. क्रिस्टी स्ट्रीटवरचं त्यांचं घर शहरानं सबवेसाठी घेतलं, भरपाई दिली, उशीर झाला म्हणून वर व्याज दिलं. बाईंनी 1960 साली व्याजाचे 3,579 डॉलर आणि 39 सेंट शहराला परत पाठवले. व्याज घेणं पाप, म्हणून. वरचे 39 सेंटसुद्धा!

वेडेपणा? असेल. पण त्या वेडेपणातच ते घर होतं. तो काढून घेतला की उरतं ते सेंटर.

शहराचा नवा निवारा चांगला आहे, मान्य. नर्स आहे, स्प्रिंकलर आहेत. आमच्याकडे ढेकूण झाले होते, तेही मान्य, आणि एकदा एकानं दुसऱ्याच्या डोक्यात तवा घातला होता. झालं मान्य करून. पण त्या निवाऱ्यात सकाळी सहाला बाहेर काढतात, पाऊस असो की बर्फ. जेवण केटररकडून येतं, काचेपलीकडून वाढतात. तिथे कुणी कुणाला विचारत नाही की केलंय की उरलंय. आणि वाढणारा बसून जेवत तर नाहीच.

म्हाताऱ्याचा तो प्रश्न सगळ्यांनाच असायचा. कॉलेजच्या पोरांना, रोटरीवाल्यांना. एकदा एक फादर येऊन जेवणाआधी चांगली वीस मिनिटं बोलले, तर याचं सुरू, "फादर, हे आमच्यासाठी केलं होतं, की रविवारचं उरलं होतं?" फादर लालबुंद. पण हसले, आणि नंतर भांडी घासायला थांबले. (ते फादर पुढे बदलून गेले. चांगली माणसं बदलून जातातच.)

आता खरा राग. घर पैशांवाचून बंद पडलेलं नाही. माणसांवाचून पडलंय. चालवणारी दोघं नवरा-बायको पंचाहत्तरीच्या पुढे गेली. त्यांचे गुडघे गेलेत, तिला रात्री ऐकू येत नाही. रात्री दोनला दार वाजलं तर दोन जिने उतरून कुणी जायचं? कित्येक वर्षं त्यांनी प्रत्येक चर्चमध्ये जाऊन सांगितलं, कुणीतरी राहायला या. टाळ्या मिळाल्या. चेक मिळाले. उन्हाळ्यात पोरं यायची, दोन महिने राहायची, कॉलेजच्या अर्जात निबंध लिहायची आणि जायची. राहायला कुणी आलं नाही. चर्चच्या भिंतीवर मात्र डोरोथी डेचं भलंमोठं पोस्टर! तिला संत करायचंय ना, 2021 च्या डिसेंबरात तिचे सगळे कागद रोमला गेलेत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये अमेरिकन संसदेत तिचं नाव घेतलं तेव्हा याच चर्चमध्ये लोक उभे राहिले होते. संत करायला सगळे हजर. जिना उतरायला कुणी नाही.

तुम्ही विचाराल, मग तू का नाही गेलीस राहायला? दोन मुलं, गृहकर्ज, सासूबाई. आहेतच कारणं. प्रत्येकाकडे असतात, म्हणूनच घर बंद पडतं.

चहा पिऊन आले. जरा शांत लिहिते.

अशी घरं बंद होणं नवं नाही. न्यूयॉर्कचं मॉट स्ट्रीटवरचं घर 1936 ला सुरू झालं, 1950 मध्ये सोडावं लागलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात तर कितीतरी घरं मिटली. डोरोथीबाई पर्ल हार्बरनंतरही युद्धाला नाहीच म्हणत राहिल्या, बरेच लोक तिथेच तुटले, तरुण पोरं सैन्यात नाहीतर युद्धाला नकार देणाऱ्यांच्या छावण्यांत गेली. तरी चळवळ संपली नाही. आजही घरं आहेत, पेपर अजून एक सेंटलाच आहे. हे सगळं मला ठाऊक आहे. पण चळवळ टिकली म्हणून आमच्या गल्लीतला दिवा लागणार आहे थोडाच.

म्हातारा त्याच घरात गेला. मागच्या बाजूची दुसऱ्या मजल्यावरची खोली, जाहिरातीतला सातवा फोटो, "होम ऑफिससाठी उत्तम". शेवटच्या आठवड्यात आम्ही पाळीपाळीनं बसत होतो. मी पेज नेली होती, वसईच्या पद्धतीची, पातळ, मीठ घालून. डोळे मिटलेलेच होते. म्हणाला, "केलंय की उरलंय?" मी म्हटलं, तुमच्यासाठीच केलंय हो. तर म्हणे, "उगाच त्रास घेतलास." आणि दोन चमचे प्याला. होम ऑफिस! टाका तिथे तुमचं स्टँडिंग डेस्क.

असो. कामाचं सांगते. शनिवारी सकाळी नऊपासून घरातलं सामान वाटायचंय. खाटा, ब्लँकेटं, मोठी पातेली. ज्यांच्याकडे पिकअप किंवा व्हॅन आहे त्यांनी या, पाठ दुखत असेल तर नुसती गाडी पाठवा. दुसरं, घरात अजून दोन पाहुणे आहेत, महिनाअखेरपर्यंतच त्यांना तिथे राहता येईल. एक जण बेकरीत पहाटे चारच्या शिफ्टला जातो, एक आजी आहेत, त्यांना जिना चढवत नाही. कुणाचं बेसमेंट, मागची खोली, काहीही रिकामं असेल तर मला इनबॉक्स करा. थोड्या दिवसांपुरतं असलं तरी चालेल. आजींना मांजर आहे, ते आधीच सांगून ठेवते.

प्रॉपर्टीची चौकशी करायची असेल तर एजंटचा नंबर ग्रुपवर आहे, मला विचारू नका.