स्वसंरक्षणाचा पहिला धडा आवाजाचा असावा

आठ मार्च जवळ आला की आमच्या भागातील शाळा-महाविद्यालयांत स्वसंरक्षणाच्या एकदिवसीय शिबिरांची लगबग सुरू होते. मंडप पडतो, पाहुण्यांचे सत्कार होतात, शहरातून आलेला प्रशिक्षक हाताच्या एका फटक्याने चार-पाच कवेलू (छपराची कौले) फोडून दाखवितो, मुली टाळ्या वाजवितात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या तालुका पानावर छायाचित्र छापून येते. या शिबिरांना माझा विरोध नाही. परंतु त्या दिवशी घरी जाताना मुलीच्या अंगात नेमके काय उतरलेले असते, हा प्रश्न कुणी विचारीत नाही, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’ असे आहे. (शिवाय कवेलू कधी कुणाचा हात धरत नाही.)

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकविते. चाळिशी ओलांडल्यानंतर, शाळेतल्या मुलींच्या शेजारी रांगेत उभी राहून, मी हे शिकायला सुरुवात केली. त्यामुळे येथे लिहिते आहे ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर नवशिकी म्हणून. माझे म्हणणे एवढेच आहे की, खेड्यातील मुलीला किंवा बाईला स्वसंरक्षण शिकवायचे असेल तर सुरुवात लाथ-बुक्कीपासून न करता आवाजापासून करावी, आणि तो आवाज अनोळखी गुंडापेक्षा ओळखीच्या माणसासमोर निघावा यासाठी सराव करावा.

आवाज ही किती अवघड गोष्ट आहे, हे वर्गात उभे राहिल्यावरच कळते. आमच्या प्रशिक्षक ताईंनी जोड्या लावल्या. एकीने चालत यायचे, दुसरीने दोन्ही तळहात छातीसमोर धरून, पाय किंचित फाकवून उभे राहायचे आणि ‘थांब, मागे हो’ असे मोठ्याने म्हणायचे, एवढेच होते. मुली लाजल्या, हसू लागल्या, पदराआड तोंड लपवावे तशा ओढणीत लपल्या. ज्यांनी म्हटले त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी विनंतीसारखा खाली आला. नववीतली एक मुलगी, जी सुटीच्या दिवसांत वडिलांबरोबर तुरीच्या राखणीला, रोही म्हणजे नीलगायी हाकलायला जाते, ती मात्र खरे बोलली: “मॅडम, वावरात रोही हाकलाले लय आवाज निंगते, पण माणसासमोर नाही निंगत जी.” संपूर्ण अभ्यासक्रम या एका वाक्यावर बेतावा असे मला वाटते. गळ्यात आवाज आहे, छातीत दमही आहे. तो माणसासमोर वापरायचा नाही, हे मात्र तिला लहानपणापासून घरीदारी शिकविले गेले आहे. मोठ्याने बोलू नको, उलटून बोलू नको, चारचौघांत तमाशा नको, हे धडे तिने वर्षानुवर्षे गिरविले आहेत. ते पुसून टाकायला एक दिवस पुरेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

भीती वाटली की आपण नकळत श्वास धरून ठेवतो. श्वास अडकला की बोबडी वळते, खांदे आखडतात आणि हातपाय जड होतात. जोरात ओरडताना श्वास बाहेर टाकावाच लागतो, पोटाचे स्नायू घट्ट होतात आणि अंगाला हालचाल करायला मोकळीक मिळते. कराटेत फटक्याबरोबर ओरडतात, त्याचे एक कारण हेच आहे. आपल्या कबड्डीतही चढाई करणाऱ्या मुलीचा ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार सुटला की तिची चढाई संपते. म्हणजे अंगावर माणसे येत असताना आवाज चालू ठेवण्याचे शिक्षण या खेळाने केव्हाच देऊन ठेवले आहे. आमच्या वर्गात सर्वांत लवकर तयार झाल्या त्या कबड्डी खेळणाऱ्या मुलीच. त्यांना धक्क्याचे, पकडीचे आणि मातीत पडण्याचे नावीन्य नव्हते. खेड्यात कराटेचा प्रशिक्षक मिळत नसेल तर मुलींचा कबड्डी संघ काढा, असे मी मुख्याध्यापकांना निःसंकोचपणे सांगेन.

आता ओळखीच्या माणसाविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की, नोंदविल्या गेलेल्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. खेड्यात तर अनोळखी माणूस सापडणेच कठीण; प्रत्येक जण कुणाचा तरी काका, मामा, भाऊजी किंवा घरच्यांचा मित्र असतो. असे असूनही शिबिरात शिकविला जातो तो अंधारात मागून येऊन गळा धरणारा अनोळखी इसम. प्रत्यक्षात प्रसंग येतो तो वेगळाच. किराणा दुकानदार चिल्लर देताना बोटे धरून ठेवतो. लग्नाच्या मांडवात नात्यातला एखादा माणूस पाठीवरून हात फिरवितो आणि सर्वांदेखत “केवढी मोठी झाली पोरगी” म्हणतो. पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या वाटेने, एकटी चालत असताना शेजारचा भाऊ दुचाकी थांबवून “बस, सोडून देतो” म्हणतो आणि नकार दिल्यावरही हलत नाही. यांपैकी कोणत्याही प्रसंगात डोळ्यांत बोटे खुपसण्याचे तंत्र कामाला येत नाही, आणि नेमक्या याच प्रसंगांत पुढच्या धाडसाची चाचपणी होत असते.

म्हणून आम्ही ही वाक्ये पाठ करून, नाटक बसवावे तशी घोटून घेतली. “काका, हात काढा.” “मला यायचे नाही, तुम्ही निघा.” “निळ्या शर्टवाले भाऊ, मागे सरका, जागा आहे.” वाक्य लहान असावे, त्यात कारणे देत बसू नये, समोरच्याची कृती स्पष्ट सांगावी आणि आजूबाजूच्यांना ऐकू जावे. नात्याचा मान ठेवूनही ठणकावता येते. वडीलधाऱ्यांना ‘अहो-जाहो’ करीतच मुली अधिक ठामपणे बोलू शकल्या, कारण उद्धटपणाचा ठपका येईल ही धास्ती उरली नाही. एकदा नकार दिल्यावर समोरच्याने हुज्जत घातली तरी नवे कारण शोधायचे नाही, तेच वाक्य तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणायचे. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण वर्गात सर्वांत जास्त घाम याच सरावात निघाला.

हा केवळ माझा ग्रह नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी बारा तासांचा एक अभ्यासक्रम राबविण्यात आला, आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील वर्षभरात बलात्काराला सामोरे जावे लागलेल्या मुलींचे प्रमाण, केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटापेक्षा या गटात जवळजवळ निम्मे होते. त्या बारा तासांचा मोठा भाग धोका वेळीच ओळखणे आणि ओळखीच्या पुरुषाला विरोध करताना मनात येणारा संकोच दूर करणे यासाठी होता. मारामारीचे तंत्र हा त्याचा एक भाग होता, सर्वस्व नव्हते. तेथील विद्यापीठ आणि आमची पांदण यांत अंतर आहे हे मान्य, पण संकोचाची जात दोन्हीकडे सारखीच दिसते.

याचा अर्थ अंगाची तालीम नको असा नाही. आवाज निघू लागल्यावर हात शिकायला तयार होतात. उदाहरणार्थ, मनगट सोडविणे. पकडणाऱ्याची चार बोटे आपल्या मनगटाच्या एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. अंगठ्याचे आणि बोटांचे टोक जिथे एकमेकांना भेटते, तिथे पकड सर्वांत कच्ची असते. आपण घाबरून हात सरळ मागे ओढतो, तेव्हा त्याच्या चारही बोटांशी भांडत असतो. त्याऐवजी मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, अर्धे पाऊल त्याच्याच दिशेने टाकावे, कोपर वाकवून त्याच्या हाताकडे न्यावे आणि झटक्याने हात वर काढावा. पहिल्यांदा हे जमते तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावर जो विस्मय दिसतो, तो पाहण्यासारखा असतो. निंदण आणि कापसाची वेचणी करणाऱ्या बायांच्या हातांत तर अशी ताकद असते की आमच्या वर्गात आलेल्या बचत गटाच्या एका मावशींनी धरलेले मनगट प्रशिक्षक ताईंनाही चटकन सोडविता आले नाही.

फटका मारायचाच झाला तर नवशिक्याने वळलेल्या मुठीच्या पेरांनी मारू नये, बोटे दुखावतात. तळहाताच्या टाचेने (मनगटालगतच्या जाड भागाने) नाकावर किंवा मुठीच्या खालच्या बाजूने हातोड्यासारखा मारावा. मागून वेणी धरली तर धरणाऱ्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरावा, म्हणजे हिसका बसत नाही, आणि मग त्याच्याकडे वळावे. उद्देश जिंकण्याचा नसतो, सुटून पळण्याचा असतो. आणि हा सराव आधी सावकाश, नंतर समोरची खरोखर जोर लावते आहे अशा स्थितीत, आठवड्यातून निदान दोनदा, काही महिने झाला पाहिजे. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे. ते कागदावर न राहता तीन महिने खरोखर चालले तरी फार मोठे काम होईल.

मिरचीपुडीविषयी मुली हमखास विचारतात. आपल्या भिवापुरी मिरचीच्या तिखटपणाबद्दल मला आदर आहे, पण दप्तराच्या तळाशी पुडीत बांधलेले तिखट वेळेवर हाती लागत नाही आणि वारा उलटा असला तर ते आपल्याच डोळ्यांत जाते. त्यापेक्षा मोबाइलवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावण्याचा आणि आपण कुठे आहोत हे एका वाक्यात सांगण्याचा सराव अधिक उपयोगी आहे. ‘अमुक फाट्यापासून गावाकडच्या पांदणीवर’ असे सांगता आले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे वाटते ते येथे लिहिते. सराव असूनही ऐन वेळी अंग थिजू शकते. ही भित्रेपणाची खूण नव्हे, शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. हे विदर्भाने तरी विसरू नये. १९७२ साली विदर्भातल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, अशी कारणे देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. “कराटे शिकली होती ना, मग मारले का नाही?” असा प्रश्न उद्या एखाद्या मुलीला घरात, शाळेत किंवा ठाण्यात विचारला जाणार असेल, तर अशा प्रशिक्षणाने तिचे भले होण्याऐवजी नुकसानच होईल. प्रत्येक वर्गात पालकांना बोलावून हे आधी सांगितले पाहिजे.

उलट बाजूची भीतीही पालक बोलून दाखवितात: मुलीने मारले आणि तिच्यावरच केस झाली तर? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क दिलेला आहे. बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरावे, ही त्याची मर्यादा आहे. हल्लेखोर पळून गेल्यावर त्याला गाठून मारणे बचावात बसत नाही.

राहता राहिला जागेचा प्रश्न. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखविले. व्यायामाची एवढी मोठी परंपरा असलेल्या या भागात गावोगावी आखाडा असला तरी मुलींसाठी संध्याकाळी तासभर उघडी राहील अशी एक खोली मिळत नाही. समाजमंदिर बहुतेक गावांत आहे, किल्ली ग्रामपंचायतीकडे असते, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी ती मुलींच्या हाती देण्यासाठी निधी लागत नाही, फक्त ठराव लागतो. आमच्या गावात हा विषय आम्ही बचत गटाच्या बाया आणि शाळेच्या मुली मिळून येत्या ग्रामसभेत मांडणार आहोत. अर्ज मुलींनीच लिहिला आहे, आणि तो उभे राहून मोठ्याने वाचून दाखविणार आहे ती रोही हाकलणारी नववीतली मुलगी.